आयटी विभाग हातात आला, आता सुरुवात कुठून?

शंभर-दोनशे माणसांची संस्था. आधीचा आयटीवाला नोकरी सोडून गेलेला. तुमच्या हातात पडलंय काय, तर सर्व्हर रूमची किल्ली, पासवर्डांची एक एक्सेल फाइल (त्यातले निम्मे चुकीचे) आणि "आता आयटी तुम्ही बघा" हे वाक्य. हा लेख अशा माणसासाठी आहे. ज्यांच्याकडे पन्नास जणांची टीम आणि वेगळा सुरक्षा विभाग आहे त्यांना यातलं बरंच ठाऊक असेल, पण त्यांनीही तिसरी पायरी वाचावी. ती मोठ्या संस्थांतही राहून गेलेली दिसते.

खरी गोची त्या "बघा" शब्दात आहे. नेमकं काय बघायचं ते कुणी सांगत नाही. मग ज्याला वायर आहे ते सगळं आपोआप आयटीचं होतं. उलट ज्या निर्णयांवर संस्थेचं काम अवलंबून असतं, म्हणजे कोणती यंत्रणा विकत घ्यायची, कोणाला काय दिसावं, काय किती तास बंद पडलेलं चालेल, ते आयटीला न विचारता होऊन जातात. आणि निस्तरायला मात्र आयटी. विभाग बसवायचा म्हणजे ही उलटी घडी सरळ करायची. त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. घाई केली तर फक्त नियमावलीची फाइल तयार होते.

पायरी १ : यंत्रं नंतर मोजा, आधी कामं मोजा

पहिले दोन आठवडे कोणतंही सेटिंग बदलू नका. वही घ्या आणि प्रत्येक विभागप्रमुखासमोर अर्धा तास बसा. "तुम्हाला आयटीकडून काय हवंय?" असं विचारू नका, कारण उत्तर ठरलेलं असतं : नवे लॅपटॉप आणि वेगवान इंटरनेट. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. तुमचं कोणतं काम थांबलं तर संस्थेला झळ बसते? ते किती वेळ बंद राहिलेलं चालेल? आणि ते परत सुरू झाल्यावर किती तासांची नोंद हरवलेली चालेल, म्हणजे किती तासांचं काम पुन्हा हाताने भरायची तुमची तयारी आहे?

शेवटचे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण वेगळे आहेत. पगाराची यंत्रणा महिन्याच्या मध्यावर तीन दिवस बंद राहिली तरी कुणाला पत्ता लागत नाही, मात्र तिच्यातली एक दिवसाची हजेरी हरवली तर गोंधळ उडतो. संस्थेच्या वेबसाइटचं नेमकं उलटं. ती दोन तास बंद पडली की फोन वाजायला लागतात, पण कालची प्रत परत चढवली तर फारसं बिघडत नाही. पहिल्या उत्तरावरून जादा यंत्रणा लागेल का ते ठरतं, दुसऱ्यावरून बॅकअप किती वेळाने घ्यायचा ते. आणि तारीखही विचारा. तीच पगाराची यंत्रणा महिन्याच्या शेवटच्या दिवशी दोन तासही बंद चालत नाही.

"एक मिनिटही बंद चालणार नाही" असं सगळेच म्हणतात. तेव्हा आकडे पुढे ठेवायचे. ९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद. ९९.९ टक्के म्हणजे सुमारे पावणेनऊ तास. ९९.९९ टक्के म्हणजे अवघी ५३ मिनिटं. एकेक नऊ वाढवताना खर्च कसा चढतो ते त्याच कागदावर मांडलं की बहुतेक विभागांना "अर्धा दिवस बंद चालेल" हे आठवतं.

पायरी २ : आपल्याकडे काय आहे याची यादी

आता यंत्रं. लॅपटॉप, सर्व्हर, नेटवर्कचे स्विच, वाय-फायची यंत्रं ही सोपी बाजू, ती डोळ्यांना दिसतात. अवघड असतं न दिसणारं : सॉफ्टवेअरचे परवाने, कार्डावरून दरमहा पैसे कापणाऱ्या ऑनलाइन सेवा, डोमेन नावं (म्हणजे वेबसाइटचे आणि मेलचे पत्ते), वेबसाइटची प्रमाणपत्रं (ब्राउझरला साइट खरी असल्याची खात्री देणारी), बाहेरच्या कंपनीला दिलेली खाती, आणि एखाद्या कोपऱ्यातलं जुनं यंत्र, ज्याला "हात लावू नका" असं सगळे सांगतात पण का ते कुणालाच माहीत नसतं.

यादीची किंमत कळते ती संकटात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅम आयता वापरतात अशा कोडमध्ये, सुरक्षेचं भगदाड सापडलं. गंभीरतेच्या मापावर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. दुरुस्ती लवकर आली, पण ही लायब्ररी आपल्या कुठल्या कुठल्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहे, हेच असंख्य आयटी विभागांना सांगता येईना. आठवडेच्या आठवडे शोधण्यात गेले.

दोन गोष्टी यादीत आवर्जून घ्या. एक, संस्थेचं डोमेन नाव कोणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे. मी पाहिलेल्या एका संस्थेत ते दहा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाच्या वैयक्तिक पत्त्यावर होतं. मुदतवाढीच्या सूचना तिकडे जात होत्या आणि तो सज्जन होता म्हणून निभावलं. दुसरी, प्रमाणपत्रांच्या मुदती. पूर्वी वर्षातून एकदा आठवण ठेवली की भागायचं. आता कमाल मुदत टप्प्याटप्प्याने खाली आणायचं ठरलंय : १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. कॅलेंडरवर खूण करून हे सांभाळता येणार नाही, नूतनीकरण आपोआप व्हायला हवं.

यादीसाठी महागडं सॉफ्टवेअर लगेच घेऊ नका. साध्या स्प्रेडशीटमध्ये वस्तू, ती कुठे आहे, कोणाच्या जबाबदारीवर, पायरी १ मधलं कोणतं काम तिच्यावर अवलंबून आणि मुदत कधी संपते, एवढे पाच रकाने पुरतात. त्यातला चौथा रकाना सगळ्यात मोलाचा, आणि लोक नेमका तोच रिकामा ठेवतात.

पायरी ३ : हद्द आखा

आयटीची भूमिका नेमकी काय, याचं उत्तर या पायरीत आहे. ते एका पानावर लिहून वरिष्ठांची सही घ्यायची. पानाच्या मधोमध एक ओळ हवी : डेटाचा मालक तो तो विभाग, आयटी त्याचा राखणदार.

याचा अर्थ असा. हिशेबाची यंत्रणा चालू ठेवणं, तिचा बॅकअप घेणं, तिच्यात घुसखोरी होऊ न देणं हे आयटीचं. तिच्यात कोणाला कोणतं पान दिसावं हे हिशेब विभागाने ठरवायचं आणि आयटीने अमलात आणायचं. तिथला आकडा बरोबर की चूक, हा आयटीचा विषयच नाही. बोलायला सोपं आहे. कसोटी लागते संध्याकाळी सहा वाजता, जेव्हा कुणीतरी येऊन म्हणतं, "स्क्रीनवरून ही नोंद बदलता येत नाहीये, तुम्ही मागून डेटाबेसमध्ये जाऊन बदलून द्या ना, दोन मिनिटांचं काम आहे." खरंच दोन मिनिटांचं असतं. पण ती नोंद स्क्रीनवरून बदलता येऊ नये अशी कुणीतरी मुद्दाम सोय केलेली असते, आणि तुम्ही बदललीत की पुढे तपासणीत बदलणाऱ्याचं नाव तुमचं निघतं. विभागप्रमुखाची लेखी विनंती, कारण, आधीची आणि नंतरची किंमत यांची नोंद, आणि दुसऱ्या माणसाची नजर, यांशिवाय हात लावायचा नाही. पहिल्या दोन वेळा लोक रागावतात. तिसऱ्यांदा लेखी विनंती घेऊनच येतात.

पानाचा दुसरा भाग, आयटी काय करणार नाही. एक्सेलची सूत्रं लिहून देणं, सादरीकरणं सजवणं, कर्मचाऱ्यांचे घरचे लॅपटॉप दुरुस्त करणं. यातलं काही मायेपोटी करायला हरकत नाही, फक्त ते माया म्हणूनच राहावं, हक्क होऊ नये. कोण किती वाजता काय पाहत बसतं याची टेहळणी मात्र मायेपोटीही करू नये. एखाद्या प्रमुखाने "अमक्याचे मेल जरा दाखवा" म्हटलं तर उत्तर एकच : मनुष्यबळ विभागाकडून लेखी आणा. आयटीकडे सगळ्या दारांच्या किल्ल्या असतात, म्हणूनच विनाकारण दार न उघडणं हा कामाचा भाग आहे.

तिसरा भाग, आयटीला विचारल्याशिवाय काय होऊ नये. नवं सॉफ्टवेअर, नवी ऑनलाइन सेवा, नेटवर्कला जोडायचं कोणतंही यंत्र, संस्थेचा डेटा बाहेरच्या कुणाला देणं. इथे आयटीवरही एक बंधन हवं : विचारल्यावर ठरलेल्या दिवसांत उत्तर द्यायचं, समजा पाच कामकाजाच्या दिवसांत. "नाही" म्हणायचं तर पर्याय सुचवून. उत्तरच मिळत नाही म्हटल्यावर लोक स्वतःच्या कार्डावर सेवा विकत घेतात आणि संस्थेच्या फाइली तिथे चढवतात. त्याला बेशिस्त म्हणण्याआधी आपली उत्तरं किती दिवस भिजत पडतात ते पाहावं.

पायरी ४ : तिकीट

मदतीची प्रत्येक विनंती एका जागी नोंदली गेली पाहिजे. या नोंदीलाच तिकीट म्हणतात. चहाच्या वेळी सांगितलेली, जिन्यात अडवून सांगितलेली, सगळी. लोक तिकीट काढत नाहीत अशी तक्रार असते. सुरुवातीला तुम्हीच त्यांच्या नावाने काढा. फोन आला की बोलता बोलता नोंद करायची.

प्राधान्य ठरवताना दोन गोष्टी बघायच्या : किती जणांचं काम अडलंय, आणि ते किती वेळ थांबू शकतं. सांगणाऱ्याचं पद हा तिसरा निकष कागदावर नसतो, प्रत्यक्षात असतो. संचालकांचा लॅपटॉप पहिल्यांदा बघितला जाणारच. ते मान्य करा, पण त्यासाठी बंद पडलेला सर्व्हर सोडू नका.

या क्षेत्रात आयटिल नावाची पद्धत प्रसिद्ध आहे. १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारी यंत्रणेत ती आकाराला आली, आणि २०१९ मध्ये तिची चौथी आवृत्ती आली. पुस्तकं जाडजूड आहेत. शंभर माणसांच्या संस्थेला त्यातला एकच भेद पक्का कळला तरी खूप झालं : बिघाड वेगळा, विनंती वेगळी आणि मूळ समस्या वेगळी. "माझा मेल उघडत नाही" हा बिघाड. "नवीन माणसाला मेल द्या" ही विनंती. दर सोमवारी सकाळी सात जणांचे मेल उघडत नाहीत, ही समस्या. सात तिकिटं पटापट बंद करून शाबासकी मिळते, पण आठवी आलीच नाही तर तुमचं काम झालं. महिन्यातून एकदा सगळी तिकिटं चाळून कोणती तक्रार पुन्हा पुन्हा येते ते बघा आणि त्यातली एकच मुळापासून उपटा.

पायरी ५ : आलेली, बदललेली आणि गेलेली माणसं

नवा माणूस रुजू होतो तेव्हा सगळ्यांना घाई असते, म्हणून खातं वेळेवर उघडतं. माणूस जातो तेव्हा कुणालाच घाई नसते. आणि विभाग बदलतो तेव्हा तर नवे अधिकार मिळतात, जुने तसेच राहतात. पाच वर्षांत तीन विभाग फिरलेल्या माणसाकडे संस्थेतले सर्वाधिक अधिकार जमा होतात, तेही कुणी न देता.

अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या कंपनीवर मे २०२१ मध्ये हल्ला करणारे खंडणीखोर (डेटाला कुलूप लावून पैसे मागणारे) आत घुसले ते वापरात नसायला हवं होतं अशा एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या खात्यातून. त्याला पासवर्डखेरीज दुसरं कुलूप नव्हतं. इंधनाची मोठी वाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी भरली.

म्हणून मनुष्यबळ विभागाशी एक साधा करार करा. रुजू होणं, बदली आणि राजीनामा यांची सूचना आयटीला त्याच दिवशी मिळेल, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत खाती बंद होतील. दर तिमाहीला प्रत्येक विभागप्रमुखाला त्याच्या यंत्रणेतल्या नावांची यादी पाठवा : "यातलं कोण नको?" दोन टप्प्यांची ओळख (पासवर्डनंतर आणखी एक खूण, उदाहरणार्थ फोनवरचा कोड) सगळ्यांना लावा, सुरुवात प्रशासक खात्यांपासून (ज्यांतून सगळी सेटिंग बदलता येतात) आणि मेलपासून. स्वतःचं रोजचं खातं आणि प्रशासकाचं खातं वेगळं ठेवा. आणि दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती अजून चालू असेल तर काढून टाका. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच तिच्या विरोधात सल्ला दिला आहे. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, बाकी काही होत नाही. पासवर्ड लांब असावा, आणि फुटल्याचा संशय आला की लगेच बदलावा.

पायरी ६ : अपडेट आणि बदल

इथे दोन्हीकडून मार आहे. वॉनाक्राय या संगणकातून संगणकात आपोआप पसरणाऱ्या खंडणीखोर किड्याने १२ मे २०१७ रोजी जगभर थैमान घातलं. त्याने वापरलेल्या भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. जवळपास दोन महिने हातात असूनही ती न लावलेली यंत्रं सापडली. मग धडा काय, आलेलं अपडेट ताबडतोब सगळीकडे लावा? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट एकाच वेळी सगळीकडे गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. विमानं जमिनीवर राहिली.

दोन्हींतून एकच पद्धत निघते : थराथराने. आधी आयटीची स्वतःची यंत्रं, दोन दिवसांनी प्रत्येक विभागातला एकेक धीराचा माणूस, मग बाकीचे, आणि सर्व्हर सगळ्यात शेवटी, रात्री. दोन आठवड्यांत चक्र पूर्ण व्हावं. ज्या भगदाडाचा गैरवापर सुरू झालाय तिथे दोन दिवसांत.

बाकीच्या बदलांसाठी चार ओळींची नोंद पुरे : काय बदलतोय, कधी, बिघडलं तर परत कसं फिरवणार, आणि झालं हे कोण तपासणार. चौथी ओळ लोक गाळतात. नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीने २०१२ मध्ये नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरांवर चढवायचा होता, तो सातांवरच चढला. आठव्यावर जुना तसाच राहिला आणि १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून जास्त नुकसान झालं. आठही ठिकाणी गेला का, एवढंच दुसऱ्या कुणी पाहायला हवं होतं.

पायरी ७ : बॅकअप, म्हणजे खरं तर परत आणणं

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठ्यांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. हा ३-२-१ नियम सगळ्यांना पाठ असतो. त्यात एक भर घाला : एक प्रत अशी हवी की नेटवर्कवरून तिला कुणालाच पुसता येऊ नये, प्रशासकालाही नाही. खंडणीखोर आधी बॅकअपच शोधतात.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या, प्रोग्रॅमचा कोड ऑनलाइन साठवायची सेवा देणाऱ्या, कंपनीच्या एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या आणि प्रतिकृतीच्या मिळून पाच पद्धती त्यांच्याकडे होत्या, पण त्यातली एकही भरवशाने चालत नव्हती हे त्या रात्री कळलं. एका अभियंत्याने सहा तास आधी, वेगळ्याच कारणासाठी, एक प्रत काढून ठेवली होती म्हणून बहुतेक सगळं परत आलं. कंपनीने हे सगळं उघडपणे लिहिलं, म्हणून ते आपल्याला माहीत आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये नोटपेट्या या डेटा नष्ट करणाऱ्या किड्याने मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं झोपवलं. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. संस्थेतल्या सगळ्या खात्यांची नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती होते, त्यामुळे सगळे एकदमच गेले. घानामधला एक मात्र वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटला होता, तेवढाच वाचला. सर्व्हरांचे बॅकअप त्यांच्याकडे होते, खात्यांच्या नोंदीचा वेगळा बॅकअप घ्यायचं राहून गेलं होतं. तुमच्या यादीत तो आहे का, आत्ताच बघून या.

दर महिन्याला एक फाइल, दर तिमाहीला एक पूर्ण सर्व्हर, वेगळ्या यंत्रावर परत आणून पाहा. घड्याळ लावा. पायरी १ मध्ये विभागाने चार तास सांगितले आणि तुम्हाला अकरा लागले, तर ती वस्तुस्थिती त्या विभागाला लेखी कळवायची. मग एक तर यंत्रणा वाढवायला पैसे मिळतात किंवा अपेक्षा खाली येते.

पायरी ८ : पैसे, पुरवठादार आणि वरिष्ठ

अंदाजपत्रक दोन भागांत मांडा : आहे ते चालू ठेवायचा खर्च आणि नवं काही करायचा खर्च. एकत्र मांडलं की कपात नेहमी पहिल्यावर येते, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. यंत्रांचं वय आणि सॉफ्टवेअरचा आधार (म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या) संपण्याच्या तारखा घेऊन तीन वर्षं पुढचं लिहा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ती तारीख अनेक वर्षं आधी जाहीर होती, तरी कित्येक संस्थांत ती अचानक उगवली.

करार करताना पहिल्या दिवशी विचारा की शेवटच्या दिवशी आमचा डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल. पुरवठादाराचा चेहरा पाहूनच पुष्कळ कळतं.

आयटीप्रमुख कोणाच्या हाताखाली, हा वादाचा विषय. हिशेब विभागाखाली असेल तर आयटी म्हणजे खर्च, प्रशासनाखाली असेल तर आयटी म्हणजे फर्निचर. माझं मत विचाराल तर थेट संस्थाप्रमुखाकडे, निदान महिन्यातून अर्धा तास तरी. त्या अर्ध्या तासाला एकच पान न्या : कोणतं काम किती वेळ बंद पडलं, परत आणण्याची चाचणी कधी झाली, कोणते धोके उघडे आहेत आणि कोणत्या निर्णयासाठी आम्ही थांबलो आहोत. किती तिकिटं बंद केली याचा आलेख नेऊ नका, त्याने फक्त मान डोलावली जाते.

पायरी ९ : दोन आठवडे रजा

सगळं बसलं असं वाटलं की आयटीप्रमुखाने सलग दोन आठवडे रजा घ्यावी, फोन बंद ठेवून. त्याआधी महत्त्वाचे पासवर्ड तिजोरी-सॉफ्टवेअरमध्ये, ते उघडायची किल्ली दोन जबाबदार माणसांकडे सीलबंद, आणि "हे बंद पडलं तर काय" अशी प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रणेची एक-एक पानाची टिपणं कागदावर छापलेली. कागदावर अशासाठी, की सर्व्हर पडल्यावर सर्व्हरवरची टिपणं वाचता येत नाहीत. रजेच्या काळात जिथे जिथे कुणाचं अडलं ते बाकीच्यांनी एका कागदावर लिहीत जायचं, तो कागद म्हणजे पुढच्या तिमाहीच्या कामांची यादी. आणि पहिल्या खेपेला ही रजा महिनाअखेरीला घेऊ नका.